अठरा दिवस, चार गाणी

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक २९ वर्षांची आहे. नोकरी सांभाळून ती गेली आठ वर्षं बेस गिटार वाजवते आणि मित्रमैत्रिणींच्या एका छोट्या बँडमध्ये आहे. चांगलं नाव असलेल्या एका जुन्या बँडचा बेसिस्ट बाहेर पडला आणि त्या जागेसाठी तिला ऑडिशनला बोलावलं आहे. बँडची चार गाणी तयार करायची आहेत. तीन त्यांनी सांगितलेली, चौथं तिच्या पसंतीचं. हातात १८ दिवस आहेत. तिचे मुख्य प्रश्न असे: जुन्या बेसिस्टसारखं हुबेहूब वाजवायचं की स्वतःचं काही दाखवायचं? नोटेशन वाचता येत नाही, ते कळलं तर हसं होईल का? अनोळखी लोकांसमोर उजव्या हाताची बोटं आखडतात, त्याचं काय करायचं? पाच तारांची नवी बेस घ्यावी का? आणि सध्याच्या बँडला हे आत्ता सांगायचं की निकाल लागल्यावर? पत्राचा शेवट असा आहे: "मला त्यांच्यावर अशी छाप पाडायची आहे की त्यांना दुसऱ्या कुणाचं नावच सुचू नये."

तुमच्या या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. छाप पाडावीशी वाटणं यात गैर काहीच नाही. पण त्या वाक्यामागे एक चित्र आहे. टेबलापलीकडे परीक्षक बसले आहेत, समोर गुणपत्रिका आहे आणि अलीकडे तुम्ही एकट्या उभ्या आहात. संगीतात अशी ऑडिशन खरोखर असते. कित्येक सिंफनी ऑर्केस्ट्रांमध्ये पहिल्या फेरीला वादक पडद्याआड बसून वाजवतो. बुटांच्या आवाजावरून पुरुष की स्त्री हे कळू नये म्हणून काही ठिकाणी चालायच्या वाटेवर गालिचासुद्धा घालतात. बँडची ऑडिशन याच्या नेमकी उलटी. तिथे ऐकणारे स्वतःच वाजवत असतात. ड्रमरचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात, गायकाचं लक्ष पुढच्या ओळीवर आणि श्वासावर असतं. तुमची करामत निवांत ऐकायला त्या खोलीत कुणी मोकळं नसतं. त्यांना कळतं ते एवढंच, की ही वाजवत असताना माझं काम सोपं होतंय की अवघड.

मी बरीच वर्षं ड्रम्स वाजवले आणि तीन वेळा निवडणाऱ्यांच्या बाजूने अशा खोलीत होतो. त्यातली एक दुपार सांगतो, आम्हालाही बेसिस्टच हवा होता. पाच जण आले. दुसऱ्याची बोटं अशी चालत होती की वाजवता वाजवता मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. पण अंतऱ्यातल्या दोन ओळींच्या मधे जी मोकळी जागा होती ती त्याने प्रत्येक वेळी भरली. तिसऱ्या खेपेला आमच्या गायिकेने ओळ उशिरा उचलली, तिला श्वास घ्यायला जागाच मिळाली नव्हती.

चौथी आली ती त्या मानाने साधं वाजवणारी. गाणं मध्यम लयीचं होतं, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर (काठीने वाजवायचा, कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या. तिने किकबरोबर सूर धरला आणि माझी काठी स्नेअरवर पडणार त्या क्षणी डाव्या हाताचं बोट सैल केलं. तारेवरून उचललं नाही, दाब फक्त सोडला. सूर तिथेच थांबला आणि स्नेअर त्या रिकाम्या जागेत एकटा वाजला. मला माझाच स्नेअर मोठा झाल्यासारखा वाटला. मी न ठरवता हात हलका केला, तशी गायिका खुलली. पुढे ब्रिजच्या, म्हणजे गाण्यात मधेच येणाऱ्या वेगळ्या भागाच्या, सुरुवातीला ही बेसिस्ट चुकली, सूर अर्ध्याने खाली लागला. तिने तो तसाच वर सरकवून घेतला, माझ्याकडे बघून जराशी मान हलवली आणि पुढच्या ब्रिजला बरोबर जागी आली. आम्ही तिलाच घेतलं. दुसऱ्या मुलाचं नाव आम्हाला सुचलं नाही असं नाही. त्याच्याबद्दल आम्ही जास्त बोललो. पण कुणाबरोबर वाजवायचं हा प्रश्न आला तेव्हा कुणालाच शंका नव्हती.

मोठ्या बँडचंही वेगळं नसतं. १९७४ च्या डिसेंबरमध्ये गिटारवादक मिक टेलर रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडमधून बाहेर पडला. पुढच्या काही महिन्यांत त्या जागेसाठी जे गिटारवादक त्यांच्याबरोबर वाजवून गेले त्यांत जेफ बेक होता, रोरी गॅलाघर होता. दोघांची बोटं कुणाही गिटारवाल्याला हेवा वाटावा अशी. जागा मिळाली रॉनी वुडला आणि तो आजही तिथे आहे.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न मी थोडा वळवून घेतो. हुबेहूब की स्वतःचं, असे दोनच पर्याय नसतात. जुन्या बेसिस्टने जे वाजवलं त्यात काही गाण्याचं आहे आणि काही त्याच्या सवयीचं. सुरुवातीची ती धून जी लोक गुणगुणतात, सगळ्यांनी मिळून घेतलेला थांबा, कोरसच्या आधीची चढण, हे सगळं गाण्याचं. त्याला हात लावू नका. ओळीच्या शेवटी तो जी छोटी फिरत घेतो, सूर घसरवत आणतो, ती बहुधा त्याची सवय. ती उचलायची गरज नाही. फरक ओळखायचा कसा? एकाच गाण्याची तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांतली रेकॉर्डिंग काढा आणि फक्त बेस ऐका. तिन्हीकडे जे सारखं आहे ते गाण्याचं समजा, जे दरवेळी बदलतं ते त्याचं. तुमचं म्हणून जे आहे ते वेगळं दाखवावं लागत नाही. सूर किती वेळ धरता, कुठे सोडता, मात्रेच्या किंचित पुढे असता की मागे, हे तुमच्या हातातून आपोआप येतं आणि त्यांना पहिल्या मिनिटात ऐकू येतं.

कार्यक्रमांतली रेकॉर्डिंग ऐका म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. वयाच्या विशीत मी स्वतः एका बँडच्या ऑडिशनला गेलो होतो. अल्बमवरची गाणी झोपेतही वाजवता येतील इतकी घोटली होती. दुसरं गाणं अल्बमवर हळूहळू आवाज कमी होत संपत होतं. स्टेजवर आवाज असा विरघळत नाही, कुठेतरी थांबावंच लागतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांचा ठरलेला शेवट आला, सगळे एका ठोक्यावर थांबले आणि मी दोन बार (लयीची दोन आवर्तनं) एकटाच वाजवत राहिलो. त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. चूक एवढीच की मी विचारलं नव्हतं.

तेव्हा आज किंवा उद्या त्यांना एक छोटा निरोप पाठवा. गाणी अल्बमप्रमाणे की सध्या कार्यक्रमात वाजवता तशी? पट्टी तीच आहे ना, तारा अर्धा सूर खाली लावता का? गायकाच्या सोयीसाठी अनेक बँड तसं करतात आणि नेहमीच्या ई, ए, डी, जी वर तयारी करून गेलेल्याला मोकळ्या तारांच्या सगळ्या जागा ऐनवेळी बदलाव्या लागतात. क्लिकवर, म्हणजे कानात लयीचे ठोके ऐकत, वाजवता का? शेवट कसे आहेत? माझ्याकडून मागचा, मुख्य गायकाला साथ देणारा आवाज गाऊन हवा आहे का? हे विचारलं तर आपण कच्च्या वाटू, अशी भीती वाटेल. मी त्या बाजूला असताना असा निरोप ज्याच्याकडून आला, त्याने माझं अर्धं काम आधीच केलेलं असायचं.

ऐकणं ही तयारीच असते, याचं माझं आवडतं उदाहरण फिल कॉलिन्सचं आहे. १९७० साली जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडला ड्रमर हवा होता. ऑडिशन बँडचा गायक पीटर गेब्रिएल याच्या आईवडिलांच्या घरी होती. कॉलिन्स लवकर पोहोचला, तेव्हा त्याला सांगितलं की तोवर घरच्या पोहण्याच्या तलावात पोहून घे. पोहता पोहता त्याला आतून आधीच्या ड्रमर्सचं वाजवणं ऐकू येत होतं. त्याची पाळी येईपर्यंत ते तुकडे त्याला पाठ झाले होते. तुम्हाला तलाव मिळणार नाही, पण १८ दिवस आहेत.

या दिवसांचं कोष्टक मी देत नाही, नोकरी करणाऱ्या माणसाला ते पाळता येत नाही आणि मग त्याचाच ताण होतो. ढोबळ मात्र सांगतो. पहिले तीन-चार दिवस बेस कमी हातात घ्या. येता-जाता गाणी ऐका, बेसची ओळ तोंडाने म्हणा. जी ओळ म्हणता येत नाही ती तुम्हाला अजून माहीत नाही. मग आठवडाभर हळू लयीत जागा पक्क्या करा. गाण्यातून बेस काढून टाकणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात, त्यावर उरलेल्या बँडबरोबर वाजवा. बेसचा आवाज ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकत सराव करू नका. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही उशिरा कानात येऊ शकतो आणि १२० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, तर एक मात्राच अर्ध्या सेकंदाची असते. हाताला खोटी सवय लागते. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून पाहा, मग दोन बार चालू, दोन बार बंद असा. तो परत येतो तेव्हा तुम्ही कुठे आहात, हे ऐकून घ्या.

शेवटचा आठवडा वेगळा. इथे बहुतेक जण चुकतात असं मला वाटतं. आपण घरी दहाव्या वेळेला जसं वाजवतो त्याला आपली पातळी समजतो. ऑडिशनला मिळते ती पहिली वेळ. म्हणून रोज घरी आल्यावर, बोटं मोकळी करायच्या आधी, उभं राहून चारही गाणी सलग एकदा वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. चुकलात तरी थांबायचं नाही. सराव त्यानंतर. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग ऐका. बेसचा पट्टा स्टेजवर जितका लांब असेल तितकाच ठेवा. बसून शिकलेल्या जागा उभं राहिल्यावर मनगटाला परक्या होतात.

बोटं आखडण्याचं मूळही बरंचसं यातच असतं. घाबरल्यावर छाती भरभर चालते, हात गार पडतात, लय आपोआप पुढे पळते. ते थांबवायच्या मागे लागू नका, त्याची ओळख करून घ्या. दोन ओळखीच्या माणसांना समोर बसवा आणि वाजवा. मग असा एखादा बोलवा जो फारसा ओळखीचा नाही. ऑडिशनच्या दिवशी हात गरम ठेवा, पंधरा मिनिटं आधी अगदी मऊ हाताने सूर काढा. आत गेल्यावर आवाज मोठा असेल तर लोक हमखास तार जोरात ओढतात आणि मग बोटं लाकडासारखी होतात. त्याऐवजी अँपचा (अँप्लिफायरचा) आवाज वाढवून मागा. गाणं सुरू व्हायच्या आधी श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष द्या, घेतल्याच्या दुप्पट वेळ सोडा. आणि उभ्या राहाल त्या जागेवरून ड्रमरचा किकचा पाय दिसला पाहिजे. बोटं अडखळली तर तिकडे बघा. स्वतःच्या हाताकडे बघितलं की ती आणखी आखडतात.

कानाची काळजी हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. सरावाच्या खोलीत आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. कामाच्या जागी कान जपण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका शिफारशीप्रमाणे त्या पातळीला दिवसातली पंधरा मिनिटं ही मर्यादा आहे. कानात घालायचे प्लग न्या आणि घरी त्यांच्यासकट चार-पाच वेळा वाजवून घ्या, कारण प्लग घातल्यावर बेस वेगळा ऐकू येतो.

नोटेशन येत नाही म्हणून मान खाली घालू नका. पॉल मॅकार्टनीला नोटेशन लिहिता-वाचता येत नाही, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे, आणि तोही बेसिस्टच. त्यांनी विचारलं तर सरळ सांगा की वाचता येत नाही, ऐकून उचलते. मात्र प्रत्येक गाण्याचा एका पानाचा आराखडा करून न्या: सुरुवात ४ बार, अंतरा १६, कोरस ८, थांबा, ब्रिज, शेवट. त्याखाली कॉर्ड्सची नावं. ते म्हणाले, "ब्रिजपासून घेऊया", की तुमचं बोट बरोबर ओळीवर गेलं पाहिजे.

पाच तारांची बेस आत्ता घेऊ नका. गाण्यांत चौथ्या तारेच्या खालचे सूर खरोखर असतील तर गोष्ट वेगळी, आणि ते त्यांना निरोपात विचारता येईल. एरवी जी बेस हातात आठ वर्षं आहे तीच न्या. तारा आठवडाभर आधी बदला म्हणजे ऐनवेळी उतरत नाहीत. जास्तीची केबल, ट्यूनर, बॅटरी घ्या. साधनाने काम झाल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे खरं. १९६२ मध्ये बिल वायमन रोलिंग स्टोन्समध्ये आला तेव्हा त्याच्याकडच्या चांगल्या अँप्लिफायरचा त्यात मोठा वाटा होता, असं त्यानेच सांगितलं आहे. पण ती नवी, कंगाल पोरं होती. तुम्हाला बोलावणाऱ्यांकडे अँप आहेत.

आता मित्रमैत्रिणींचा बँड. तुम्ही लिहिलंय, "अजून काहीच ठरलेलं नाही, मग आत्ता सांगून उगाच कुणाला का दुखवायचं?" या म्हणण्यात तथ्य आहे. न मिळालेल्या जागेपायी घरातल्या घरात कटुता आली तर ती भरून काढायला वेळ लागतो. पण तुम्ही गेलात हे त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर? वाजवणाऱ्यांचं जग लहान असतं. त्या बँडच्या साउंडवाल्याला तुमच्या ड्रमरची बहीण ओळखत असते. आणि दुखावणं बहुतेक वेळा जाण्याचं नसतं, लपवण्याचं असतं. मी तुमच्या जागी असतो तर ऑडिशनच्या आधी सांगितलं असतं, पण सगळ्यांना जमवून घोषणा केली नसती. जो तारखा ठरवतो त्याला एकट्याला भेटून सांगा: मला बोलावलंय, मी जाणार आहे, मिळेलच असं नाही, आणि आपल्या ठरलेल्या तारखा मी पुऱ्या करणार आहे. शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. माझ्या अनुभवात यावर पहिली दोन मिनिटं अवघड जातात. पुढच्या आठवड्यात तोच मित्र तुमच्याबरोबर गाणी वाजवून घ्यायला बसतो. मात्र तुमच्या बँडमध्ये आधीच भांडणं चालू असतील, कुणी तुमच्यावर चिडून असेल, तर निकालापर्यंत थांबण्यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही. ते तुम्हालाच माहीत.

त्या बँडकडूनही काही गोष्टी तुम्हाला कळायला हव्यात. वाजवून झाल्यावर ते "तुला काही विचारायचंय का?" म्हणतील. तेव्हा संकोचून "नाही" म्हणू नका. तुम्हाला सदस्य म्हणून घेताहेत की मानधनावर? सराव आठवड्यातून किती दिवस, वर्षातून किती दिवस बाहेर? नवीन गाण्यात बेसची ओळ तुम्ही बांधली तर श्रेय कसं? निर्णय कोण घेतं? आधीचा बेसिस्ट का गेला, हेही शांतपणे विचारता येतं. उत्तरापेक्षा उत्तर देताना ते एकमेकांकडे कसं बघतात ते पाहा. तुमची नोकरी आहे. ती सांभाळून हे जमणार नसेल तर हे तुम्हाला त्या खोलीतच कळलेलं बरं.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. तुमचं पत्र लांब आहे. त्यात बँडचं नाव आहे, त्यांचा लौकिक आहे, तुमची भीती आहे, जुन्या बेसिस्टचं कौतुक आहे. त्यांचं एखादं गाणं तुम्हाला आवडतं, असं कुठेही लिहिलेलं नाही. कदाचित घाईत राहून गेलं असेल. पण चौथं गाणं तुम्ही निवडायचं आहे आणि त्याबद्दल पत्रात विचारलंत ते एवढंच की कोणत्या गाण्यात बेस सगळ्यात अवघड आहे. आज रात्री बेस हातात न घेता त्यांचे सगळे अल्बम ओळीने लावा. ज्या गाण्याला तुमचा हात नकळत पुढे होऊन तारा शोधू लागेल ते घ्या, मग त्यात बेसला तीनच सूर असले तरी चालतील. आणि सगळे अल्बम संपले, तरी हात पुढे झाला नाही, तर मला पुन्हा लिहा. मग आपण ऑडिशनला जायचं का, यावर बोलू.